तिसऱ्या भागापासून सुरू करा

पिंगळे सरांच्या क्लासच्या दोन बॅच होत्या. ज्यांना आईवडील नको होते त्यांची सकाळी, आणि ज्यांना हवे होते त्यांची संध्याकाळी. सकाळी पोवई नाक्यावरच्या त्या गाळ्यात खुर्ची मिळायची नाही, उशिरा येणारे जिन्यात उभे राहून ऐकायचे. संध्याकाळी सर, पंखा आणि पुढच्या बाकांवर मोजकी माणसं. माझा नवरा सारंग सकाळच्या बॅचला जायचा. चोरून वगैरे नाही, नाश्ता करून, मला सांगून. त्याची सख्खी बहीण केतकीताई शनिवारी कराडहून संध्याकाळच्या बॅचला यायच्या आणि मुक्कामाला आमच्याकडेच उतरायच्या. भावाबहिणीत एवढा समजूतदारपणा मी माझ्या माहेरी कधी पाहिला नव्हता.

ताईंना आई हव्या होत्या. सारंगला नको होत्या. माझं मत कुणी विचारलं नाही; विचारलं असतं तर मी ताईंच्या बाजूने हात वर केला असता. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर माणसांनी एक पाऊल टाकावं म्हणून थांबायचं हाच माझा धंदा, आणि घरी येऊन पुन्हा तेच करायची मला हौस नव्हती. म्हणजे भांडण नव्हतंच. तरी दोघांना क्लास लावावा लागला तो कायद्यामुळे.

कायद्याआधी पाळी होती. सासरे गेल्यापासून आई चार महिने आमच्याकडे साताऱ्यात आणि चार महिने ताईंकडे कराडला राहायच्या. निम्म्या महाराष्ट्रात असंच चालायचं. त्याला वाटणी म्हणायची लोकांना लाज वाटायची, पण होती ती वाटणीच. मग आईंचं विसरणं वाढलं. डॉक्टर म्हणाले, दर खेपेला घर बदललं की डोक्यातला उरलासुरला नकाशाही पुसला जातो. संडास कुठे, उजेड कुठून येतो, हे सगळं त्यांना पुन्हा शिकावं लागतं आणि आता त्यांना नवं शिकता येत नाही. अशा म्हाताऱ्यांची संख्या एवढी झाली की सरकारला कायदा करावा लागला. विसरण्याचा आजार असेल तर पाळी बंद. एकच घर, एकच मूल, कायमचं. आम्ही आपसात ठरवतो म्हटलं तरी चालत नसे. आपसात ठरतं तेव्हा आई कुणाच्या तरी गळ्यात मारली जाते, बहुधा ज्याचा घरात आवाज लहान त्याच्या, असं ज्येष्ठ सांभाळ मंडळाचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. म्हणून कोणतं मूल ते मंडळ ठरवणार होतं, आणि तेही व्हिडिओ गेमवरून.

मीही आधी हसले होते.

‘अश्मक’ या खेळाचे नऊ भाग आहेत. पहिला आला तेव्हा सारंग शाळेत होता, नववा गेल्या वर्षी आला. दगडाचा एक देव खांद्यावर घ्यायचा आणि राक्षसांनी बळकावलेल्या मुलखातून त्याच्या देवळात नेऊन पोचवायचा, एवढीच नऊही भागांची गोष्ट. वाटेत तलवारीने लढायचं, जिंकत जिंकत ताकद वाढवायची, कुणाला वाचवायचं आणि कुणाला मरू द्यायचं ते आपण ठरवायचं. तिसऱ्या भागापासून सोबतीला गोदाक्का नावाची म्हातारी येते. एका पायाने अधू, हातात काठी. ती मागे पडते. तिच्यासाठी थांबलं तर काही मिळत नाही आणि नाही थांबलं तर काही जात नाही. पुढच्या मुक्कामाला ती बहुतेकदा धापा टाकत येऊन पोचते. कधी पोचत नाही, आणि त्यानेही खेळाचं काही अडत नाही.

तीसेक वर्षांत हा खेळ कोट्यवधी लोक खेळले आणि त्यांची प्रत्येक हालचाल कंपनीकडे साठून राहिली. त्यातले बरेच जण आता पन्नाशीकडे झुकलेले आणि त्यांचे आईबाप थकलेले. काही संशोधकांनी परवानगी घेऊन दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या: हा माणूस खेळात कसा वागला आणि पुढे आईबापांशी कसा वागला. खेळात भिकाऱ्याला दान देणं, शरण आलेल्याला सोडणं, मित्रासाठी जीव देणं, यातल्या कशाचाही घरच्या वागण्याशी काडीचा संबंध निघाला नाही. या सगळ्याला खेळात बक्षीस असतं आणि माणसाला बक्षीस बरोबर कळतं. संबंध निघाला तो फक्त गोदाक्कासाठी थांबण्याशी. जिथे बक्षीस नाही, शिक्षा नाही आणि बघायला कुणी नाही तिथे माणूस काय करतो, त्याचा आकडा त्यांनी काढला आणि त्याला सोबतांक नाव दिलं. ज्या मुलाचा सोबतांक जास्त, आई त्याच्याकडे. चाचणीच्या वेळी हातातल्या यंत्राला तळव्यातल्या नाडीच्या ठोक्यांचा आणि घामाचा पत्ता लागतो, आणि पडद्यावरचा कॅमेरा बुबुळं कुठे वळतात ते टिपतो. सुनेची चाचणी नाही. आंघोळ मी घालणार, चादरी मी बदलणार, पण कायद्याच्या लेखी मी सारंगच्या घरातलं सामान.

ज्यांनी आधीचे भाग खेळलेत त्यांना पुन्हा पहिल्यापासून बसवणं बरं नाही म्हणून मंडळाने एक सवलत दिली होती. उमेदवाराने नऊपैकी हव्या त्या भागापासून सुरू करावं. या सवलतीवर पिंगळे सरांचा संसार उभा होता. सर मूळचे या खेळाचे वेडे. नवख्याने ‘अश्मक’ कुठून सुरू करावा, यावर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं होतं. पाचव्यापासून धरा, मग मागे तिसऱ्याकडे या, पहिला अगदी शेवटी खेळा म्हणजे रडू येईल, असं ते प्रेमाने सांगायचे. लोक अजूनही त्यांना तोच प्रश्न विचारत होते. फक्त कशासाठी विचारतात ते बदललं होतं.

सारंगची सराव चाचणी झाली आणि सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, कणसे, तुमचं अवघड आहे, तुम्ही मागे न बघतासुद्धा थांबता.

हे मला नवीन नव्हतं. लग्नाआधी आम्ही अजिंक्यताऱ्यावर जायचो तेव्हा मी दमले हे मला कळायच्या आत हा थांबलेला असायचा, आणि थांबलोय असं दाखवायचाही नाही, उगाच एखाद्या झाडाकडे बघत बसायचा. मी या माणसाशी लग्न केलं त्याचं कारण बहुतेक तेच. त्याला आई नको होत्या त्या नावडत्या म्हणून नव्हे. आई अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका होत्या, तालुकाभर स्कूटी फिरवायच्या, आणि आता त्या भांड्यातलं पाणी बुटात ओतायच्या. ते त्याला बघवत नव्हतं. ताईंना बघवत होतं. ताई तर हसून फडकं आणायच्या. मग आई कुठे सुखी राहतील हे काय सांगायला हवं?

सरांनी त्याला समोर बसवून समजावलं ते त्याने मला घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

“पहिला घेऊ नका, पहिल्यात सोबतच नाही. आकडा निघाला नाही की मंडळ जिल्ह्याची सरासरी लावतं. दुसऱ्यात कुत्रं आहे, कुत्र्यापुढे भलेभले विरघळतात. पाचव्यापासून पुढे म्हातारीला चेहरा आहे, ती ओव्या म्हणते, तिकडे तुम्ही जायचंच नाही. तुम्ही तिसऱ्या भागापासून सुरू करा. तिसरा फार जुना. त्यात तिला धड डोळेपण नाहीत, चार चौकोन आणि एक काठी. चौकोनाला सोडून जायला काय लागतं?”

खरी चाचणी घरीच, काही आठवडे रोज थोडी थोडी चालायची. मंडळाचा माणूस येऊन हॉलमधल्या टीव्हीला यंत्र जोडून सील करून गेला. आवाज बंद करायचा नाही, जागा बदलायची नाही. कायदा लागू झाला तेव्हा आईंची आमच्याकडची पाळी चालू होती आणि चाचणी संपेपर्यंत त्यांना हलवायला बंदी होती. त्यांना आतल्या खोलीत बसवता येत नसे. दार लोटलं की त्या घाबरून कडीशी झटत राहायच्या. म्हणून सारंग खेळायचा तेव्हा त्या शेजारी दिवाणावर, मांडीवर चुरमुऱ्यांची वाटी घेऊन. मी क्लिनिकमधून दुपारी घरी यायचे ते बहुतेक यांच्या खेळाच्या मध्येच.

पहिल्या दिवशी सगळी मजाच झाली. तिसऱ्या भागात गोदाक्काला एकच वाक्य आहे, “आले रे, आले.” कुणीतरी डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं. ती मागे पडली, आवाज आला आणि सारंगचा अंगठा आपोआप थांबला. चौकोन काठी टेकत टेकत आले. आईंनी टाळी वाजवली. आली बघ, म्हणाल्या. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. आईंना इतकं खुशीत मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. सारंग स्वयंपाकघरात येऊन नळाखाली हात धरून उभा राहिला आणि म्हणाला, असंच चाललं तर ताईचं वाटोळं होणार.

सरांनी त्यावर पाढ्यांचा उपाय सांगितला. मागून हाक आली की सतराचा पाढा म्हणायचा, नजर उजव्या कोपऱ्यातल्या नकाशावर ठेवायची आणि चालत राहायचं. सकाळच्या बॅचमधले बहुतेक जण तेरा-चौदावर निभावतात, तुम्हाला सतरा लागेल, असं सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी घरात पाऊल टाकलं तेव्हा सारंग ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता.

“मागं राहिली की रे ती,” आई म्हणाल्या.

सतरा चोक अडुसष्ट.

“अरे बाळा, मागं राहिली. थांब की जरा.”

सतरा पाचे पंच्याऐंशी. पडद्यावरचा वीर दगडाचा देव खांद्यावर घेऊन खिंडीतून पुढे निघाला. आई उठल्या, टीव्हीपाशी गेल्या आणि जिथे ते चौकोन दिसेनासे झाले होते तिथे काचेवर बोटाने टकटक करू लागल्या. नंतर त्यांनी बाहेरचं दार उघडलं आणि जिन्यात वाकून बघितलं. मी त्यांना हाताला धरून आत आणलं. आत आल्यावर त्या काय शोधत होत्या ते त्यांना आठवत नव्हतं. त्या नुसत्याच कासावीस होत्या.

असं रोज झालं. काही दिवसांनी त्यांनी दारात जाणं सोडलं. जेवताना भाकरीचा एक तुकडा ताटाच्या कडेला काढून ठेवायच्या आणि त्याला कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मग एका संध्याकाळी सारंग चहाचा कप घेऊन आला तर त्यांनी दोन्ही पाय दिवाणावर उचलून घेतले आणि माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. तो गेल्यावर मला कानात म्हणाल्या, हा माणूस सोडून येतो. कुणाला सोडून येतो ते त्यांना सांगता येईना.

मी डॉक्टरांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, यात नवल काही नाही. काय घडलं ते साठवणारा मेंदूचा भाग वेगळा आणि घडताना कसं वाटलं ते साठवणारा वेगळा. हा आजार पहिला भाग आधी खातो, दुसरा फार उशिरापर्यंत शाबूत राहतो. त्यांना खेळ आठवत नाही, म्हातारी आठवत नाही. एवढंच आठवतं की या माणसाजवळ बसलं की आत काहीतरी वाईट होतं. मी विचारलं, समजूत घातली तर जाईल का? त्यांनी मान हलवली. समजूत घालायला घटना लागते, ती तर पुसली गेली, आता नुसती भीती उरली, तिला काय समजावणार?

घरी येऊन मी सारंगला सगळं सांगितलं आणि आजच्या आज खेळ बंद कर म्हटलं. बंद करता येणार नाही हे मलाही ठाऊक होतं. चाचणी अर्धवट सोडली तर कायदा ती टाळाटाळ धरतो आणि आई थेट त्याच मुलाच्या नावावर. मी मंडळाला फोन केला, चाचणीपुरतं आईंना कराडला पाठवू द्या म्हणून विनवलं. जागा बदलली की त्यांची तब्येत खालावते, असं त्यांनी मलाच समजावून सांगितलं. मग मी आईंना क्लिनिकवर घेऊन जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी त्या एका पेशंटच्या कुबड्या घेऊन रस्त्यावर गेल्या आणि रिक्षावाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचल्या. पुन्हा दिवाण, पुन्हा चुरमुरे.

त्या दिवशी आमचं चांगलंच वाजलं. मी नाही नाही ते बोलले. चौकोनाला सोडायला शिकलास, उद्या मला सोडशील, असंही बोलले. तो चिडला नाही.

“थोडेच दिवस राहिलेत,” तो म्हणाला. “मग ती ताईकडे जाईल. मला घाबरली तरी चालेल ना, तिथे मी नसणारच आहे.”

त्याने हिशेब नीट केला होता. आईच्या मनातली स्वतःची जागा मोडून तो तिला बहिणीच्या घरी पाठवत होता. मी हात पुसले आणि भाजी चिरायला घेतली.

शेवटच्या आठवड्यात त्याला पाढाही लागत नव्हता. मागून “आले रे, आले” ऐकू यायचं आणि याच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. आई भिंतीकडे तोंड करून बसायच्या. सरांनी अखेरची सराव चाचणी घेतली आणि त्याची पाठ थोपटली. ताईंच्या बाजूनेही सगळं उत्तम होतं. संध्याकाळच्या बॅचला सरांनी उलटं शिकवलं होतं: प्रत्येक वळणावर थांबायचं, मनात पंचवीस आकडे मोजायचे, मग वळून बघायचं, मगच पुढे. ताईंनी एकही वळण चुकवलं नाही. कराडच्या घरात त्यांनी बाथरूमला कठडे लावून घेतले आणि संडासाचं दार पिवळंधमक रंगवलं, कारण आजारात पिवळा रंग शेवटपर्यंत ओळखू येतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

निकालाच्या दिवशी त्या आईंचे कपडे न्यायला मोठी बॅग घेऊनच आल्या. मंडळाच्या धनावडे मॅडम मऊ बोलणाऱ्या, पन्नाशीच्या. पाणी प्यायल्या, आईंची चौकशी केली, आणि हातातल्या पाटीवर बघून म्हणाल्या, सारंग कणसे. आम्हाला वाटलं त्या आधी हरणाऱ्याचं नाव वाचतायत.

मग त्यांनी अगदी समजेल असं सांगितलं. असे क्लास गावोगाव निघालेत हे मंडळाला केव्हाच कळलं होतं. म्हणून कोण थांबतो आणि कोण थांबत नाही हे मोजणं त्यांनी गेल्या वर्षीच सोडलं होतं. कृती शिकवता येते. मागच्याला सोडताना जे अंगात होतं ते शिकवता येत नाही. हाक येते त्या क्षणी डोळे निमिषभर मागच्या बाजूला जातात, आपण कितीही नकाशावर रोखले तरी. ठोका चुकतो. पकड घट्ट होते. हे माणसाला स्वतःला कळतसुद्धा नाही. सारंगच्या बाबतीत ते पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकदाही चुकलं नव्हतं, उलट वाढत गेलं होतं. जिल्ह्यात एवढा सोबतांक आजवर कुणाचा आला नव्हता.

“मी प्रत्येक वळणावर थांबले, मॅडम,” केतकीताई म्हणाल्या.

“थांबलात ना. पण तुम्ही आकडे मोजत होतात, ताई. यंत्राला तेवढंच दिसलं.”

ताई बॅगेवरच बसल्या. सारंग मॅडमसमोर हात जोडून उभा राहिला आणि सगळं सांगू लागला. क्लास, पाढे, ठरवून सोडणं. मॅडम हसून म्हणाल्या, यंत्राने तेच तर ओळखलं, एवढं ठरवूनही तुम्हाला जमलं नाही. मग मी बोलले. म्हटलं, आई त्याला घाबरतात, त्याच्या हातचं पाणी पीत नाहीत, याची कुठे नोंद होते की नाही? मॅडमना खरंच वाईट वाटलं. पण आजाराच्या या पायरीवर ज्येष्ठांचं म्हणणं धरता येत नाही, आणि निकालानंतर घर बदललेल्यांचे हाल त्यांनी स्वतः पाहिले होते. त्यांनी आईंच्या मनगटात एक कडं घातलं. सारंग हाकेच्या अंतराबाहेर गेला की मंडळाला कळेल, असं ते कडं. आई त्या कड्याकडे कौतुकाने बघत राहिल्या, त्यांना ते बांगडीसारखं वाटलं असावं.

पुढच्या महिन्यात जिल्ह्यातल्या पहिल्या दहा मुलांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. सभागृहात पिंगळे सरही आले होते, आणि हा माझा विद्यार्थी म्हणून लोकांना सांगत होते. आईंना सारंगशेजारच्या खुर्चीत बसवलं. फोटोग्राफर म्हणाला, आजी, लेकाच्या डोक्यावर हात ठेवा. त्या ठेवेनात, तेव्हा एका कार्यकर्त्याने त्यांचा हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि फोटो होईपर्यंत धरून ठेवला. फोटोत त्या हसल्यासारख्या दिसतात.

त्याला आता सहा महिने होत आले. सारंगने काय केलं नाही? मिशी काढली. चष्मा बदलला. आईंसमोर खाली जमिनीवर बसून त्यांच्या आवडीच्या गाण्यांच्या ओळी गुणगुणून बघितल्या. त्याला पाहिलं की त्या पाय वर घेतात. जेवण मी भरवते, तो दाराआडून बघतो. आणि एक गोष्ट त्या विसरलेल्या नाहीत, की त्यांना सारंग नावाचा मुलगा आहे आणि तो फार माया करणारा आहे. परवा त्याच्या तोंडावर मला म्हणाल्या, “सारंगला फोन लाव. तो आला की मला इथून घेऊन जाईल. या माणसाचं नाव त्याला सांगू नको, तो चिडेल.” सारंग समोर औषधाची गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभा होता. तो पेला त्याने माझ्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्या दिवशी मला त्या यंत्राचा, सरांचा, मंडळाचा, सगळ्यांचा इतका राग आला की मी पेला मोरीत आपटला आणि मग मीच काचा वेचल्या.

ताई रविवारी येतात. आई त्यांना पाहून फुलतात, त्यांच्या हातून पोटभर जेवतात. संध्याकाळी ताई निघाल्या की त्या जिन्यापर्यंत मागे जातात, आणि मला त्यांना ओढून आत आणावं लागतं.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, नाहीतर पाय धरतील. चाललं नाही तर काय होतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत, म्हणून मी ते चुकवत नाही. कड्यामुळे सारंगला बरोबर यावंच लागतं. सुरुवातीला तो शेजारून चालायचा, तेव्हा आई भर रस्त्यात फतकल मारून बसल्या. मग तो मागून चालू लागला, तर त्या सारख्या मागे वळून बघायच्या आणि दोनदा धडपडल्या. म्हणून आता तो पुढे चालतो. कॉलनीच्या फाटकातून निघायचं, चढ चढून मैदानापर्यंत जायचं आणि परत यायचं. आईंना तो चढ जड जातो. डावा पाय ओढतात. अंतर पडतं, आणि अंतर पडलं की सारंग थांबतो. त्याला ते आवरतच नाही. तो थांबतो आणि आईसाठी मागे वळून उभा राहतो.

तो वळला की आई जागच्या जागी थिजतात आणि माझा दंड घट्ट धरतात. तो तिथे उभा, आम्ही इथे उभ्या. शेजारून पोरं सायकली दामटत जातात.

“चला ना आई,” मी म्हणते.

“त्याला जाऊ दे पुढं,” आई म्हणतात. “तो गेला की मग आपण जाऊ.”

मी सारंगला हाताने खूण करते. तो पाठ फिरवतो आणि चालू लागतो. तो मागे बघत नाही अशी खात्री झाली की आई पाय उचलतात.